डेस्कटॉप की लॅपटॉप: आधी बसायची जागा ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शाखा मिळाली आहे, मुलगा नववीत आहे आणि वहिनी घरी बसून तीन व्यापाऱ्यांचं टॅलीचं आणि जीएसटीचं काम करतात. घरात २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, तो आता सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतो. हाताशी ₹६०,००० आहेत. दुकानदार म्हणाला, "डेस्कटॉप आता कोण घेतं? लॅपटॉपच घेऊन जा." मेहुणे म्हणाले, हल्ली टॅबवरच सगळं होतं. म्हणून तुम्ही विचारलंत की डेस्कटॉपचे दिवस खरंच संपले का.

मी कराडला २००१ पासून कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. बाजारात काय जास्त खपतं हा एक, आणि तुमच्या घरातल्या चार माणसांना रोज काय लागतं हा दुसरा. दुकानदाराने पहिल्याचं उत्तर दिलं आणि ते बरोबर आहे. पण पैसे तुम्ही दुसऱ्यासाठी खर्च करणार आहात. लोक डेस्कटॉपवरून लॅपटॉपकडे आणि मग मोबाइलकडे का गेले, ती कारणं पाहिली की त्यातली किती तुम्हाला लागू पडतात हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. म्हणून जरा मागे जातो.

मी सुरुवात केली तेव्हा घरात कॉम्प्युटर येणं म्हणजे फ्रीज येण्यासारखं होतं. पेंटियम ४, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि १७ इंची, मागे मोठं पोट असलेला मॉनिटर. पुण्याला किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग आणायचे आणि रात्री बसून जोडायचे. याच सुमारास एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, आणि कोर्स केलेल्या मुलांनी घरी हट्ट धरला. सरकता ट्रे असलेलं टेबल यायचं, मॉनिटरवर आईने शिवलेलं कापडी कव्हर चढायचं. लॅपटॉप तेव्हा कंपनीच्या साहेबांकडे दिसायचा. त्याची किंमत डेस्कटॉपच्या दुपटीहून जास्त होती आणि बिघडला तर भाग मिळायचे नाहीत.

आमच्या भागात चित्र बदललं ते आधी भारनियमनामुळे. २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी खेड्यात आणि तालुक्याच्या गावी काढली, त्यांना वेगळं सांगायला नको. दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. डेस्कटॉपला जोडलेला ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरायचा, म्हणजे फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसायची. अशा वेळी दोन-तीन तास स्वतःच्या बॅटरीवर चालणारा लॅपटॉप लोकांना आधार वाटला. तोपर्यंत त्याची किंमतही उतरली होती. मुलं शिकायला पुण्या-मुंबईला जायला लागली होती, कॉट बेसिसवरच्या खोलीत टेबल ठेवायलाही जागा नसायची. हातात धरून फिरता येतं, ही झाली जाहिरातीतली गोष्ट. माझ्या गिऱ्हाइकांनी लॅपटॉप घेतला तो वीज आणि जागा या दोन अडचणींसाठी.

जगभरातही हे त्याच काळात घडलं. २००८ च्या तिसऱ्या तिमाहीत लॅपटॉपची विक्री पहिल्यांदा डेस्कटॉपच्या पुढे गेली. २०१० मध्ये आयपॅड आला. डेस्कटॉप आणि लॅपटॉप मिळून होणारी वर्षाची विक्री २०११ च्या सुमारास ३५ कोटींच्या वर पोचली आणि तिथून उतरत २०१८ पर्यंत २६ कोटींच्या आसपास आली. म्हणजे लॅपटॉपने डेस्कटॉपला मागे टाकलं आणि थोड्याच वर्षांत दोघांनाही मोबाइलने गाठलं. आपल्याकडे तर हे लवकर झालं. भारतात मोबाइलवरचा इंटरनेटचा वापर २०१२ मध्येच कॉम्प्युटरच्या पुढे गेला. जगाच्या आकड्यांत ती वेळ यायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. त्याच्या महिनाभर आधी, ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ सुरू झालं होतं, आणि मग आमच्याकडे डाटा स्वस्त होऊन खेडोपाडी पोचला.

या आकड्यांमागे काय घडलं ते मी माझ्या दुकानातून पाहिलं. पूर्वी जे लोक डेस्कटॉप घ्यायचे, त्यातले निम्म्याहून जास्त फोटो पाहायला, गाणी ऐकायला, रेल्वेचं तिकीट काढायला, बोर्डाचा निकाल बघायला आणि परदेशातल्या मुलाशी बोलायला घ्यायचे. ही सगळी कामं फोनवर गेली आणि तिथे ती जास्त चांगली होतात. हे गिऱ्हाईक परत येणार नाही आणि यायचं कारणही नाही. पण दिवसभर बसून करायचं काम होतं तिथेच राहिलं. बँकेचा काउंटर, सेतू केंद्र, पतसंस्था, डायग्नोस्टिक लॅब, सीएचं ऑफिस, फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणारा प्रेसवाला, कुठेही जा, टेबलावर डेस्कटॉपच दिसेल. आमच्याकडच्या एका प्रेसमध्ये मी आजही विंडोज एक्सपीचं जुनं मशीन जिवंत ठेवतो, कारण त्यांच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे ज्याच्याशिवाय ते सुरूच होत नाही तो छोटा डोंगल, जुन्या प्रिंटर पोर्टलाच लागतो. तो पोर्ट आजच्या लॅपटॉपला नसतो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा हे सगळं पुन्हा एकदा उघड झालं. माझा फोन दिवसभर वाजत होता. माळ्यावर टाकलेले सीपीयू लोकांनी खाली काढले. आई-वडिलांचा एक फोन आणि वर्ग भरणारी दोन मुलं, अशी घरं मी रोज बघत होतो. वेबकॅम आणि वायफायचा यूएसबी डोंगल या एरवी धूळ खाणाऱ्या वस्तू बाजारातून गायब झाल्या. सहा इंची पडद्यावर चार-पाच तास भूमिती शिकणारी पोरं पाहून फार वाईट वाटायचं. जगभरात २०२१ ची विक्री पुन्हा ३४ कोटींच्या आसपास गेली. फोन खिशात असूनही लोकांना मोठा पडदा आणि खरा कीबोर्ड हवा होता, कारण काम बसून करायचं होतं.

आता दुकानात सहसा कोणी समजावून सांगत नाही ती गोष्ट. लॅपटॉपवर 'आय५' लिहिलेलं असतं आणि डेस्कटॉपवरही 'आय५'. नाव एक म्हणून ताकदही एक असं वाटतं. पण पातळ लॅपटॉपमधल्या प्रोसेसरला सलग चालायला साधारण १५ वॉट मिळतात, डेस्कटॉपमधल्याला ६५ वॉट. एकाला वीज मोजून मिळते, दुसऱ्याला पोटभर. सुरुवातीला थोडा वेळ दोघंही जोरात पळतात. मग लॅपटॉप तापतो, त्याचा छोटा पंखा ओरडायला लागतो आणि प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. एखादं पत्र टाइप करताना हे जाणवत नाही. तासभर व्हिडिओ एडिट करा, ऑटोकॅडचं मोठं ड्रॉइंग उघडा, मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत बसून काम करा, की कळतं.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. माझ्या टेबलावर डेस्कटॉप येतो तेव्हा दहातल्या सहा वेळा काम किरकोळ असतं. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवरून खोडरबर फिरवायचा, बोर्डावरचा बटणाएवढा सेल बदलायचा, आतली धूळ ब्लोअरने उडवायची. मोठ्यातला मोठा नेहमीचा खर्च म्हणजे एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला, तो बदलायचा. एक भाग गेला तर तेवढाच बदलतो. लॅपटॉपची हिंज, म्हणजे पडद्याची बिजागरी, तुटली की ती जाताना पडद्याची पट्टी किंवा वरचं झाकण घेऊन जाते. कीबोर्डवर चहा सांडला तर थेट बोर्डापर्यंत पोचतो. बॅटरी फुगली की टचपॅड वर उचलला जातो, आणि पुष्कळ लोक तसाच वापरत राहतात. कृपा करून तसं करू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. पुष्कळ नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. ती ८ जीबी असेल तर मशीन संपेपर्यंत ८ जीबीच. मी काळजीने वापरलेले सात-आठ वर्षांचे लॅपटॉपही पाहिलेत, पण ते थोडे. बहुतेकांचा चौथ्या-पाचव्या वर्षी पहिला मोठा खर्च निघतो.

विजेचा मुद्दा लोक वाढवून सांगतात, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा डेस्कटॉप मॉनिटरसकट ९० वॉटच्या आसपास घेतो, लॅपटॉप ३० च्या आसपास. रोज सहा तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर साडेतेरा युनिट विरुद्ध साडेचार. महिन्याला नऊ युनिटांचा फरक. एवढ्यासाठी निर्णय फिरवू नका.

शरीराचं मात्र मी ठासून सांगेन. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असतात. पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणला तर हात वर जातात, हात नीट ठेवले तर मान खाली जाते. पलंगावर मांडी घालून रोज सहा तास टॅली करणाऱ्या दोन बायकांना मी ओळखतो, दोघींच्याही मानेला पट्टा लागला. मी डॉक्टर नाही, पण दोघींना वेगळा कीबोर्ड आणि मॉनिटर जोडून दिल्यावर आराम पडला, हे त्यांनीच मला सांगितलं. टॅलीत आकडे भरणाऱ्या माणसाला कीबोर्डच्या उजव्या बाजूची आकड्यांची पेटी लागतेच, आणि १४ इंची लॅपटॉपमध्ये बहुधा ती नसते.

आता तुमच्या घराकडे येऊ. एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मुलगी हॉस्टेलला राहणार की घरून जाऊन-येऊन करणार? हॉस्टेलला राहणार असेल तर तिच्यासाठी लॅपटॉप घ्या, त्यावर चर्चा नको. घरून एसटीने जाणार असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन असतात आणि रोजच्या गर्दीत लॅपटॉपची बॅग सांभाळणं सोपं नाही. तरीही प्रोजेक्टच्या वेळी मैत्रिणींबरोबर बसायला तो लागतो. तेव्हा पहिल्या वर्षी घाई करू नका, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला घ्या. तोवर तिला नेमकं काय हवं हे तिलाच कळलेलं असेल.

वहिनींसाठी मात्र डेस्कटॉपच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्या घरात सगळ्यात जास्त तास बसणार आहेत आणि त्यांच्या कामातून घरात पैसे येतात, तरी तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख सगळ्यात शेवटी आला आहे. खरेदीत मी हे नेहमी पाहतो. मुलांचा विचार आधी होतो आणि घरून काम करणाऱ्या बाईला उरलेलं मशीन मिळतं. त्यांच्यापासून सुरुवात करा.

त्यात स्वस्त आणि भरवशाचा मार्ग म्हणजे मोठ्या ऑफिसांतून निघालेले रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले, छोटे डेस्कटॉप. आकाराने जाड वहीएवढे किंवा थोडे मोठे असतात. घेताना एकच गोष्ट कटाक्षाने बघा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असला पाहिजे, कारण विंडोज ११ त्याखालच्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार "चालवून देतो" म्हणेल. देतोही. पण पुढच्या एखाद्या अपडेटला अडकलं तर वहिनींचं जीएसटी रिटर्न २० तारखेच्या आदल्या रात्री अडकेल. वर्षभराची लेखी वॉरंटी घ्या, विंडोजचं लायसन्स खरं आहे ना ते विचारा आणि एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, नवीनच टाकून घ्या. हे सगळं साधारण ₹२०,००० च्या आत बसायला हवं. भाव मात्र घेण्याच्या दिवशीच विचारा. २०२५ च्या अखेरीपासून रॅम चांगलीच महागली आहे, कारण एआयच्या डेटा सेंटरांकडून तिला प्रचंड मागणी आहे. जुना मॉनिटर चांगला दिसत असेल तर तोच जोडा. नवीन काही घ्यायचंच तर चांगला कीबोर्ड, आणि पाठीला टेकू देणारी खुर्ची घ्या.

राहिलेले ₹४०,००० मुलीच्या लॅपटॉपसाठी ठेवा. त्यात १६ जीबी रॅम बसली तर उत्तम. नसेल तर ८ जीबी आणि एक मोकळा स्लॉट असलेला घ्या, आणि स्लॉट मोकळा आहे हे बिलापूर्वी खात्री करून घ्या. डिप्लोमाच्या पुढच्या वर्षांत अँड्रॉइड ॲप बनवायची वेळ येते आणि त्याचं सॉफ्टवेअर ८ जीबीवर रडतं. ५१२ जीबीची एसएसडी पुरते. गेमिंग लॅपटॉपच्या मोहात पडू नका, तो जड असतो, तापतो आणि त्याची बॅटरी लवकर संपते. दुकानात पडदा एका हाताने उघडून बघा, हिंज कचकच करत असेल किंवा सगळी बॉडी वाकत असेल तर दुसरा दाखवायला सांगा. घरी तो कायम चार्जरला लावून वापरायचा असेल तर सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करा. बहुतेक कंपन्या ही सोय देतात. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून आणि गरम ठेवली की लवकर म्हातारी होते.

मेहुण्यांचं टॅबबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. वाचायला, लेक्चर बघायला, वर नोंदी लिहायला टॅब छान. पण टॅलीचं खरं काम त्यावर होत नाही आणि मुलीचं कोडिंगही होणार नाही. साठ हजारांत पहिलं मशीन म्हणून तो घेऊ नका.

मुलासाठी जुना डेस्कटॉप दुरुस्त करा. २०१४ चं मशीन बहुधा चौथ्या पिढीचं असेल, त्यावर विंडोज ११ नको. पण त्यात २५६ जीबीची साधी एसएसडी बसवली आणि विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली तर ते पाच मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटात सुरू होईल. मराठी टायपिंग त्यात होतं, पायथॉन शिकता येतं, अभ्यासाचे व्हिडिओ चालतात. मॉनिटर एकच असेल तर वापरलेला मॉनिटर दोन-तीन हजारांत मिळतो. आणि हा डेस्कटॉप हॉलमध्येच ठेवा. फोन आणि लॅपटॉप घेऊन मुलं खोलीत जातात, डेस्कटॉपला कुठे नेता येत नाही. नववीतल्या मुलाच्या बाबतीत मला ही त्या जड डब्याची मोठी सोय वाटते. येता-जाता आई काय चाललंय ते बघते, आणि पोरगाही "हे बघ" म्हणून तिला बोलावतो.

एवढं करूनही घरात खरोखर एकच मशीन ठेवायची जागा किंवा ऐपत असेल, तर लॅपटॉप घ्या आणि त्याच्याबरोबर २२ इंची मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घ्या. दिवसा टेबलावर तो वहिनींचा डेस्कटॉप, संध्याकाळी तारा काढल्या की मुलीचा लॅपटॉप. मी गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त घरांत हीच जोडणी करून दिली आहे. दोघींची वेळ एकच असेल तर मात्र रोज भांडण होतं, ते आधी बोलून घ्या.

आणि एसएसडी टाकताना निघालेली जुनी हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका, भंगारातही देऊ नका. यूएसबीची केसिंग काही शे रुपयांत मिळते, तीत बसवून आधी आत काय आहे ते बघा. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले होते, वडील नुकतेच गेलेले. त्यांचे बोलतानाचे व्हिडिओ २००९ च्या कॅमेऱ्यातून घरच्या डेस्कटॉपवर उतरवले होते, आणि तो सीपीयू दोन महिन्यांपूर्वी दीडशे रुपयांना भंगारवाल्याला दिला होता. त्यांच्याबरोबर मी भंगाराच्या तीन गोदामांत जाऊन आलो. नाही सापडली.

मुलगी हॉस्टेलला राहणार की घरी, आणि जुन्या सीपीयूवर प्रोसेसरचा कोणता स्टिकर आहे, एवढं कळवा. रॅम कोणती बसेल आणि एसएसडी कोणती घ्यायची ते मी नेमकं लिहून देतो.